न लागणारे घाव

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील, चित्रपटांतील आणि रंगभूमीवरील वीरांच्या मृत्यूची थट्टा करणे हा सुशिक्षित मराठी माणसाचा एक जुना आणि फुकटचा विरंगुळा आहे. छातीत कट्यार घुसलेला नायक धन्याला मुजरा करतो, मुलाला उपदेश करतो, शत्रूला क्षमा करतो आणि एवढे सारे यथासांग आटोपल्यावर मान टाकतो, हे पाहून हा रसिक शेजाऱ्याकडे बघून हसतो, आणि आपण शास्त्राच्या पक्षाचे आहोत अशी स्वतःची खातरजमा करून घेतो. माझे म्हणणे असे की, या हसणाऱ्याचे शास्त्र कच्चे आहे. मरणारा मनुष्य पुष्कळदा बराच वेळ बोलतो. कधी तो चालतो, आणि कधी लढतोही. ज्या प्रसंगावर खरोखर आक्षेप घ्यावयास हवा त्याला मात्र कोणीच हसत नाही; तो प्रसंग म्हणजे त्याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात मस्तकावर सोट्याचा तडाखा खाऊन निपचित पडलेला पहारेकरी, जो कथानकाच्या सोयीपुरताच बेशुद्ध राहतो आणि मग कपाळ चोळीत उठून आपल्या चाकरीवर पुन्हा रुजू होतो.

हा विषय मी भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तहसिलीतील चिखल्याच्या अनुषंगाने काढीत आहे, आणि ते केवळ तेथील मँगनीजच्या लौकिकामुळे नव्हे. चिखल्याला भूमिगत खाण आहे. 1962 साली स्थापन झालेल्या आणि नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या, पूर्वी ‘मँगनीज ओअर इंडिया’ व आता ‘मॉईल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी कंपनीच्या ताब्यात ती आहे, आणि पाळीवर उतरणाऱ्या माणसांच्या घरांत शरीराला होणारी इजा हा पुस्तकी विषय नाही. दुसऱ्या बाजूस हाच मुलूख झाडीपट्टीचा. दिवाळीनंतर मंडई भरू लागली, शंकरपटाचे दिवस आले, की वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात, आणि कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत चालणाऱ्या प्रयोगांत एका रात्रीत जितक्या सुऱ्या, लाठ्या आणि बंदुका चालतात तितक्या फौजदारी दप्तरात वर्षभरात नोंदल्या जात नसतील. या रंगभूमीची मी टवाळी करीत नाही. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांना जिचा शोध लागला ती झाडीपट्टी त्यापूर्वी कित्येक पिढ्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांवर जगत होती. मला एवढेच सांगावयाचे आहे की, जमिनीखालच्या खऱ्या इजेची आणि मांडवातल्या खोट्या इजेची इतकी निकट सोबत असलेली ठिकाणे महाराष्ट्रात थोडी आहेत, आणि म्हणून खोटी इजा खरीस काय शिकवते हा प्रश्न येथे विचारणे अधिक रास्त आहे.

प्रथम त्या लांबलेल्या मरणाची वकिली करतो. कायदा हा काही काव्याचा आश्रयदाता नव्हे. परंतु 1872 च्या पुराव्याच्या कायद्याच्या 32 व्या कलमाने, आणि आता त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 26 व्या कलमाने, मृत्युपूर्व जबाब ग्राह्य धरला आहे. इस्पितळाच्या खाटेशेजारी नायब तहसीलदार कागद घेऊन बसतात, इसम शुद्धीवर असून जबाब देण्यास समर्थ आहे असा शेरा वैद्यकीय अधिकारी मारतात, आणि मारणारा कोण, हत्यार कोणते, भांडण कशावरून, याची साद्यंत हकीकत तो इसम सांगतो. पुढे त्याच्या नावामागे ‘मयत’ हा शब्द लागतो. दीडशे वर्षे टिकून राहिलेली ही तरतूद मरणारी माणसे बोलतात या अनुभवावरच उभी आहे. ती बोलत नसती, तर एवढी शाई आणि एवढे स्टॅम्पकागद कोणी खर्ची घातले असते?

शरीराचा हिशेबही याला पुष्टी देतो. प्रौढ माणसाच्या देहात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील पाऊण लिटरपर्यंत गेले तरी बाहेरून फारसे काही दिसत नाही, दीड लिटर जाईतो नाडी जलद होते, त्वचा थंड पडते, पण मनुष्य बोलतो आणि उत्तर देतो. त्यापुढे रक्तदाब कोसळू लागतो, बुद्धी भ्रमते, आणि दोन लिटरांपलीकडे प्राण संकटात येतो. ही गळती किती वेगाने होईल ते कोणती वाहिनी तुटली यावर अवलंबून असते. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर हा सारा प्रवास थोड्या मिनिटांत उरकतो. पोटातील आतडी फाटली असतील तर तो तास आणि दिवस घेऊ शकतो, कारण तेथे मारणारा पुष्कळदा रक्तस्राव नसून मागाहून पसरणारा दाह असतो. खुद्द हृदयात पाते शिरले तरी, हृदयावरील आवरणात रक्त साचून हृदय आवळले जाईपर्यंत, माणूस काही पावले धावल्याची उदाहरणे न्यायवैद्यकाला अपरिचित नाहीत. रक्ताभिसरण ज्या क्षणी पुरते थांबते त्यानंतर मात्र शुद्ध दहा-पंधरा सेकंदांपलीकडे राहत नाही, आणि म्हणून शिर तुटल्यावर धड लढत राहिल्याच्या ज्या कथा पुरंदरापासून अनेक गडांवर ऐकू येतात, त्या भक्तिभावाच्या खात्यात जमा कराव्या लागतात. तेवढी एक जागा मी हसणाऱ्याला सोडून देतो.

आपल्या बखरकारांना हे सारे नीट ठाऊक होते, कारण त्यांच्या भोवती जखमी माणसे होती. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासदाच्या बखरीतील अफजलखानाचा प्रसंग वैद्याच्या दृष्टीने पाहावा. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचे पोट फाडले गेले; पण खान तेथेच मेला असे बखर म्हणत नाही. तो ओरडला, भोयांनी त्याला पालखीत घालून उचलले, आणि संभाजी कावजीने भोयांचे पाय तोडून पालखी खाली पाडल्यावर व शिर कापल्यावरच तो विषय संपला. उदरावरील विदारणाने मनुष्य तत्काळ मरत नाही, त्याच्या अंगी आरोळी मारण्याचे आणि आपल्या माणसांपर्यंत पोचण्याचे त्राण राहते, ही गोष्ट ज्याने पाहिली आहे तोच असे लिहील. तेच सिंहगडाचे. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि वार त्या हातावर झेलीत तो उदेभानाशी झुंजला. शेवटी दोघेही पडले. कोपरापुढच्या हाडांवर आणि तेथील दोन रोहिण्यांवर वार झेलणारा मनुष्य काही मिनिटे लढेल आणि मग रक्तक्षयाने कोसळेल, यात अतिशयोक्ती कोठे आहे? घोडखिंडीत बाजीप्रभू अंगावर अनेक जखमा वागवीत तोफांच्या आवाजापर्यंत उभा राहिला, या परंपरागत कथेचे ऐतिहासिक मोल इतिहासकारांनी ठरवावे. वैद्यकाला त्यात अशक्य असे काही आढळत नाही, कारण रुंद पण उथळ अशा वारांनी होणारा स्राव मंद असतो आणि संग्रामाच्या आवेशात वेदनेची जाणीव मागे पडते.

याहून जुना साक्षीदार सुश्रुत. त्याने देहातील 107 मर्मे सांगून त्यांचे परिणामावरून पाच वर्ग केले, त्यांत पहिला वर्ग सद्यःप्राणहर मर्मांचा. हृदय, बस्ती, नाभी, कंठातील सिरा, कानशिलाजवळचे शंख वगैरे एकोणीस. आजचा पटकथालेखक ‘सद्यः’ म्हणजे पुढच्या चित्रचौकटीच्या आत असे समजेल. सुश्रुताने या वर्गाला मुदत दिली आहे सात रात्रींची. कालांतरप्राणहर मर्मांना पंधरवडा ते महिना. या मुदती आकडे म्हणून आज कोणी शिरोधार्य मानाव्यात असे मी म्हणत नाही. परंतु घाव आणि मरण यांच्यामध्ये एक काळ असतो, आणि वैद्याचे सारे कर्तृत्व त्या काळातच घडते, ही त्या शस्त्रवैद्याची मूळ धारणा आपल्या मारामारीच्या वाङ्मयातून पार हद्दपार झाली आहे. तेथे एक तर माणूस जागच्या जागी ठार होतो, नाही तर त्याला काहीच होत नाही.

याच वर्गीकरणात तीन मर्मे विशल्यघ्न म्हणून सांगितली आहेत. शस्त्र जोवर आत रुतलेले आहे तोवर रोगी जगतो आणि उपटताच मरतो. आधुनिक शल्यविशारदाचा हुकूमही, मर्म कोणतेही असो, हाच आहे की रुतलेले पाते जागीच स्थिर बांधावे आणि रुग्णाला तसेच शस्त्रक्रियागृहात न्यावे, कारण पुष्कळदा फाटलेल्या वाहिनीला बूच म्हणून तेच पाते बसलेले असते. आणि आपला नायक काय करतो? तो खांद्यातला बाण, बरगडीतला सुरा, दात-ओठ खात उपटतो, दूर भिरकावतो आणि अधिक जोमाने चाल करून जातो, टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत बसलेले पोर पुढे केव्हा तरी आपल्या भावाच्या पोटातला चाकू उपटण्याचे पुण्यकर्म करील, ही शंका माझ्याप्रमाणे इतरांनाही यावी.

चिनी कुंगफूच्या कादंबऱ्यांत आणि हाँगकाँगच्या चित्रपटांत एक गुप्त ठोसा असतो: गुरूने एकाच शिष्याला शिकवलेला, लागताना हलका वाटणारा, आणि लागल्यावर काही तासांनी वा दिवसांनी प्राण घेणारा. 20 जुलै 1973 रोजी ब्रूस ली मेंदूला सूज येऊन अकस्मात वारला, तेव्हाही असाच कोणीतरी ठोसा मारला असणार अशी वदंता उठली. हसण्यासारखी ही कल्पना आपल्या देशाच्या न्यायदप्तरात मात्र विलक्षण रूपाने उतरली आहे. आग्र्याच्या फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपला मोतद्दार कटवारू याला मारहाण केली. तो उठला, लगतच्या आवारात गेला आणि तेथे थोड्याच वेळात मेला. शवविच्छेदनात प्लीहा फाटलेली निघाली, आणि हिवतापाने आधीच सुजून नाजूक झालेली प्लीहा होती या सबबीखाली साहेबाला तीस रुपये दंड झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने 1876 साली या निकालावर उघड ताशेरे ओढले म्हणून ते प्रकरण गाजले. ज्यांवर ताशेरे ओढले गेले नाहीत अशी प्रकरणे किती, कोण जाणे. हलक्या हाताने मारलेला, वर काहीही वळ न उमटवणारा आणि मागाहून प्राण घेणारा तडाखा असा खराच असतो. त्याला गुरूची दीक्षा लागत नाही, ज्याला मारले त्याच्या पोटात हिवतापाने वाढलेली प्लीहा असली की पुरे. निरोगी प्लीहेसही तडाख्याने तडा जाऊन रक्त प्रथम तिच्या वेष्टनात कोंडते आणि काही दिवसांनी वेष्टन फुटते, हा प्रकार शल्यचिकित्सेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. एवढे जबरदस्त नाट्य गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या मुलखापासून एका रात्रीच्या वाटेवर पडून असता, आमचे लेखक हाँगकाँगची नक्कल का करतात, हे मला उमगत नाही.

आता त्या पहारेकऱ्याकडे येतो. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी एक रोहिणी जाते. तेथे लाठी बसून हाडाला चीर गेली तर ती रोहिणी फाटू शकते. मनुष्य क्षणभर बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो, घरी चालत जातो, आणि या मधल्या शहाणपणाच्या तासांत कवटीच्या आत रक्ताची गाठ वाढत राहते. पुढे डोके ठणकते, वांती होते, मनुष्य झोपेला येतो, घोरू लागतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. या घोरण्यालाच घरची माणसे गाढ निद्रा समजतात. मारामारीत डोक्याला मार लागलेल्या माणसाला खाटेवर निजवून, ‘बरी झोप लागली आहे, कोणी उठवू नका,’ असे बजावणारी वडीलधारी मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या मायेत काहीच उणे नव्हते, उणे होते ते शिक्षणात, आणि डोक्यावरचा तडाखा झोपेने उतरतो हे शिक्षण त्यांना कोणत्याही शाळेने दिलेले नव्हते. वेळेवर कवटी उघडून ती गाठ काढली तर हाच मनुष्य पुष्कळदा पूर्ववत बरा होतो. चिखल्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा, आणि भंडाऱ्याहून सुमारे साठ किलोमीटरवर नागपूर, अशा टप्प्याटप्प्याच्या वाटेवर त्या तासांची किंमत काय आहे ते सांगावयास नको. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण ती बोलवावी असे वाटण्यास, झोपलेला माणूस झोपलेला नाही, हे आधी कळावे लागते.

खाणीतला अनुभव या बाबतीत रंगभूमीच्या नेमका उलट आहे. 1952 च्या खाण अधिनियमाखालील नियमांनी प्रथमोपचाराची सामग्री आणि तिचे शिक्षण घेतलेली माणसे खाणीत असणे बंधनकारक केले आहे, आणि छताचा दगड सुटून माणूस खाली सापडला तर काय करावे व काय करू नये याचे धडे तेथे मिळतात. सुश्रुताने आगंतुक जखमांचे जे सहा प्रकार सांगितले त्यांतला पिच्चित, म्हणजे चेंगरलेला, हा खाणमुलखाचा खास प्रकार. त्याची गोम 1941 साली लंडनवरील बाँबवर्षावात एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी उलगडली. ढिगाऱ्याखाली तासन् तास पाय अडकलेले लोक बाहेर काढले जात, तेव्हा ते शुद्धीवर असत, सुटल्याबद्दल आभार मानीत, चहाही घेत, आणि काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून मरत. चेंगरलेल्या स्नायूंतले रंगद्रव्य आणि पोटॅशियम रक्तात उतरून हा घात करीत होते. ज्या घरांतून माणसे दगडाखाली उतरतात त्या घरांना ‘बोलतो आहे म्हणजे वाचला’ हे वाक्य किती फसवे आहे हे सांगण्यासाठी लंडनचा दाखला लागू नये. म्हणून मला असे वाटते की, खरी जखम कशी वागते हे जाणणारा प्रेक्षक ज्या गावात आहे तेथे नाटककाराने जखमेशी थोडे अधिक इमान राखण्यास भिण्याचे कारण नाही.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: कला म्हणजे पंचनामा नव्हे, प्रेक्षक चार घटका करमणुकीस येतो, त्याला वैद्यकाचे व्याख्यान कशाला? उत्तर खोटे नाही, पण ते चुकीच्या फिर्यादीला दिलेले आहे. नायकाचे मरण लांबवू नका असे मी म्हणतच नाही. उलट ते मनसोक्त लांबवा, कायदा आणि शरीरशास्त्र दोन्ही तुमच्या बाजूला आहेत. माझी तक्रार मरणाबद्दल नसून न मरणाऱ्यांबद्दल आहे: ज्यांच्या डोक्यात दंडुके बसतात, ज्यांच्या पोटात लाथा बसतात, ज्यांना माडीवरून खाली फेकले जाते आणि तरीही ज्यांच्या अंगावर पुढच्या प्रवेशात ओरखडादेखील नसतो, अशा त्या असंख्य दुय्यम देहांबद्दल. तोंडातून रक्ताची एक बारीक धार काढली की सर्व प्रकारच्या इजांची भरपाई झाली असे समजण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मुळातच निष्काळजीपणाचा आहे. तोंडातून रक्त फुफ्फुसाला वा जठराला इजा झाल्यावर येते, पाठीत काठी बसल्यावर नव्हे.

आणि परिणामांत रस नसतो असे कोणी म्हणू नये. पानिपतच्या रणातून पळताना महादजी शिंद्यांच्या पायावर अफगाण स्वाराचा घाव बसला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेस पोचवले, आणि ज्या पुरुषाने पुढे दिल्लीचे तख्त आपल्या मुठीत ठेवले तो 1794 साली मृत्यू येईपर्यंत लंगडत चालला. तेहतीस वर्षे एका घावाने एका माणसाची सोबत केली. त्याने राणेखानाला भाऊ मानले, सरदारकी दिली. पानिपतावर कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना भाऊसाहेबांच्या अंताइतकीच ही लंगडी चालही उपयोगी पडली असती, कारण तिच्यात सूड, कृतज्ञता आणि राजकारण अशी तिन्ही सूत्रे एकत्र येतात. 2024 साली दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान मिळाला, त्याच वर्षी लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात दर्शनास आली, आणि शस्त्रांविषयी समाजात एक नवे कौतुक उत्पन्न झाले, ते असावे. परंतु पट्टा ज्याच्या अंगावर फिरला त्याचे पुढे काय झाले, याचे कौतुक अद्याप कोणास वाटलेले दिसत नाही.

झाडीपट्टीच्या नाटककारांना माझी एक माफक सूचना आहे. त्या पहारेकऱ्याला तिसऱ्या अंकात उठवू नये. त्याला बायको असावी, ती त्याला घोरताना पाहून निश्चिंत व्हावी, शेजारच्या एखाद्या खाणकामगाराच्या विधवेने येऊन त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहाव्यात आणि आरडाओरडा करून गाडी काढायला लावावी. गाडी तुमसरला वेळेत पोचते की नाही यावर पहाटेच्या तीन वाजता अख्खा मांडव जागा राहील, असे या प्रेक्षकांना ओळखणारा मनुष्य खात्रीने सांगू शकेल. नायक आणि खलनायक यांची झुंज मग थोडी आटोपती घ्यावी लागेल, हे खरे. नव्या संहिता पावसाळ्यात लिहिल्या जातात आणि मंडई दिवाळीनंतर भरते. मधल्या महिन्यांत तालुक्याच्या दवाखान्यातील एखाद्या डॉक्टरला गाठून संहितेतील एकेका घावाचा हिशेब विचारण्यास पुरेसा अवकाश असतो, आणि तो डॉक्टरही, रात्रपाळीत असल्याच जखमा शिवून कंटाळलेला असला तरी, त्या प्रश्नांना आनंदाने उत्तर देईल असा माझा अंदाज आहे.